साखरेऐवजी गूळ
चहात साखरेऐवजी गूळ घातला की झालं, साखरेची काळजी नको आणि लोहही मिळतं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. गुळातही बहुतेक साखरच असते. लोह आहे, पण कपभर चहातल्या गुळातून मिळून मिळणार किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवावी असं सुचवलं. गूळ, मध, फळांचा रस, सगळं त्यातच. कापूस वेचणीत चार चहा होतात. कपाला दोन चमचे धरा, चहातच आठ झाले!

आमच्याकडे यवतमाळात वेचणी आणि तुरीच्या ओल्या शेंगा एकाच वेळी येतात. दुपारच्या चहाऐवजी मिठात उकडलेल्या शेंगा वावरात नेऊन बघा. पोटाला आधार राहतो, गोडाची आठवण येत नाही. आणि संत्री रस न काढता फोडी करून खा, चोथ्यासकट.