खासगी कंपन्या आल्या म्हणून फोन आला? गावाकडचा हिशेब वेगळा आहे

खांब_नं_सात (धागा सुरू करणारे):
काल इथे एकाने लिहिलं, 'सरकारी खात्याने देशाला मुकं ठेवलं, खासगी कंपन्या आल्या आणि भारत बोलायला लागला.' खाली शाबासक्यांचा पाऊस. मी 1988 ला त्याच टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर म्हणून लागलो. हे वाचून गप्प बसवेना.

परदेशी टेलिफोन एक्सचेंजला एसी लागायचा, धूळ सोसायची नाही. आपल्या तालुक्यांत पंख्याला वीज नव्हती, एसी कुठून आणणार? 1984 ला सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था निघाली. त्यांनी 128 लाइनींचं छोटं एक्सचेंज बनवलं, ते एसीशिवाय चालायचं. 1986 मध्ये कर्नाटकात कित्तूरला पहिलं बसलं. मग शाळेच्या खोलीत, ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात अशी ती बसत गेली. तोवर एकाही खासगी कंपनीला परवाना नव्हता.

1994 च्या धोरणाने खासगी कंपन्यांना बेसिक सेवेत, म्हणजे तारेच्या फोनमध्ये, घेतलं. गावोगाव सार्वजनिक फोन बसवायचं त्यांनी कबूल केलं आणि बसवले नावापुरते. शहरं त्यांनी घेतली, वाड्या-वस्त्या आमच्याकडे राहिल्या. 31 जुलै 1995 ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून पहिला मोबाइल कॉल केला. आमच्या बीएसएनएलचा मोबाइल सुरू व्हायला ऑक्टोबर 2002 उजाडला. सात वर्षं आम्हाला मैदानातच उतरू दिलं नाही आणि आता म्हणता, हरलात.

वेटिंग_लिस्ट:
काका, ती पोस्ट माझीच. एक शब्द मागे घेणार नाही.

वडिलांनी 1982 ला अर्ज केला, फोन 1991 ला आला. तोवर मी कॉलेजात गेलो होतो. मधल्या काळात आजी गेली. वडील सकाळी सातला पोस्टात जाऊन पुण्याच्या काकांना ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरकरवी परगावचा फोन, लावून बसले. अर्जंटचे पैसे भरले. लागला संध्याकाळी पाचला. काका पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ते वडिलांशी दोन वर्षं बोलले नाहीत, 'मुद्दाम उशिरा कळवलंस' म्हणून.

शेवटी फोन आला, तर लाइनमनला दर दिवाळीला पाकीट. नाही दिलं तर लाइन डेड. 128 लाइनींचं कौतुक मला सांगू नका.

खांब_नं_सात:
पाकीट घेणारे होते. मी घेतलं नाही. माझ्या गँगमधल्या चौघांनीही नाही. 2005 च्या जुलैत कोकणात दरडी कोसळल्या, तेव्हा तीन रात्री आम्ही चिखलात उभं राहून केबल जोडत होतो. केबलमध्ये पाणी शिरलं की तारांची एकेक जोडी हाताने वाळवून जोडावी लागते. एका लाइनमनचं पाप सगळ्यांच्या माथी मारू नका.

स्पर्धा_हवीच:
जोडी वाळवण्याने देश पुढे जात नाही. सुरुवातीला मोबाइलचा दर मिनिटाला 16 रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. 1997 ला ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था आली, 1999 च्या धोरणाने ठोक लायसन्स फी जाऊन महसुलातला वाटा आला, 2003 ला इनकमिंग फुकट झालं. म्हणून रिक्षावाल्याच्या हातात फोन आला. 1991 ला पंच्याऐंशी कोटींच्या देशात जेमतेम 50 लाख फोन होते, हे कुणाचं कर्तृत्व?

पिवळा_बूथ:
तुम्हा तिघांच्या भांडणात एसटीडी बूथवाल्यांचं, म्हणजे पैसे घेऊन परगावी फोन लावून देणाऱ्यांचं, नाव कुणी घेतलं नाही, म्हणून लिहिते.

माझ्या वडिलांना पोलिओ. अपंगांना प्राधान्य होतं म्हणून बूथ मिळाला. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, घरटी एक माणूस फौजेत. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, तेव्हा बायका पोरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. मी काउंटरखाली गोधडी टाकून अभ्यास करायचे. कारगिलच्या वेळी रांग पहाटेपर्यंत हटत नसे. कुणाकडे पैसे कमी पडले तर वडील वहीत लिहून ठेवायचे आणि बरीच नावं नंतर खोडून टाकायचे. आमचं घर त्या कमिशनवर उभं राहिलं.

इनकमिंग फुकट झालं आणि तीन वर्षांत बूथ बंद पडला. सरकारने विचारलं नाही, कंपन्यांनीही नाही.

स्पर्धा_हवीच:
ताई, वाईट वाटलं, पण नवं तंत्र आलं की जुना धंदा जातोच. टांगे गेले, तसे बूथ गेले.

पिवळा_बूथ:
टांगेवाल्याला सरकारने 'तू अपंग आहेस, हा घे टांगा, यावर पोट भर' असं सांगितलं नव्हतं. आम्हाला सांगितलं होतं. ज्यांना स्वतः योजना देऊन बसवलं, त्यांना उठवताना एक कागदसुद्धा पाठवला नाही. वरून टांगे काय म्हणता? तुमच्या घरातलं कुणी काठीवर चालत जाऊन रोज शटर उघडत होतं का?

वेटिंग_लिस्ट:
ताईंचं बरोबर आहे. आमच्या चौकातला बूथ अंध गृहस्थांचा होता. बोटांनी नंबर फिरवायचे, एकही चुकायचा नाही. पुढे त्यांचं काय झालं, मी कधी चौकशी केली नाही.

स्पर्धा_हवीच:
टांग्याचं उदाहरण मागे घेतो. पण इनकमिंगला पैसे लावून बूथ वाचवायला हवे होते, असं म्हणणार असाल तर मी सहमत नाही.

पिवळा_बूथ:
तसं म्हणतच नाहीये. मलाही फोन स्वस्त हवा होता. दूर गावांसाठी कंपन्यांच्या महसुलातून निधी काढता आला, तर बूथवाल्यांसाठी त्यातला थोडा का नाही?

खांब_नं_सात:
याचं उत्तर माझ्याकडे नाही. 31 जानेवारी 2020 ला आम्ही बीएसएनएलचे सुमारे 78 हजार लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन एका दिवसात घरी गेलो, पण आम्हाला पैसे मिळाले. बूथवाल्यांना तेही नाही. आणि वेटिंग_लिस्ट, नऊ वर्षं हे फारच झालं. केबल नव्हती, एक्सचेंजला जागा नव्हती, हे खरं असलं तरी तुमच्या वडिलांना कुणी ते सांगायलाही आलं नसणार.

वेटिंग_लिस्ट:
नाही आलं. कित्तूरचं मला माहीत नव्हतं, तेवढं मान्य करतो. पोस्ट मात्र तशीच राहील.

ताई, वडिलांनी पुढे काय केलं?

पिवळा_बूथ:
झेरॉक्स मशीन घेतलं, कर्जावर. मागच्या वर्षापर्यंत चालवलं. बोर्ड पिवळाच ठेवला होता, एसटीडीच्या अक्षरांवर नुसता रंग मारून. उन्हात ती अक्षरं खालून दिसायची.