वाघाचं डोकं पुढे पडतंय – शनिवारच्या आत उपाय हवा

वेशभूषा:
मंडळी, ‘चल रे भोपळ्या’च्या कालच्या तालमीत वाघाच्या पोराने घालायचं फोमचं डोकं पाहिलंतच. म्हातारी ‘तूपरोटी खाईन, जाडजूड होईन’ म्हणेपर्यंत सगळं ठीक. वाघाने मान खाली घातली की डोकं पुढे घसरतं, डोळ्यांच्या जाळ्या गालाशी येतात आणि पोराला भोपळाच दिसत नाही. साचा एक इंची फोमचा आहे. पोराच्या डोक्याचा घेर २१ इंच, साचा आतून २३. वजन ११५० ग्रॅम, त्यातला जबडा एकटा ३८०. जबड्यावर फर अजून चिकटवलेली नाही, तेव्हा कापाकापी करायची ती आत्ताच.

नेपथ्य:
सोपं आहे. मागे टाळूखाली २०० ग्रॅमचे वॉशर चिकटवा, तोल सावरेल. आणि ग्लू गन मखराची आहे, रविवारपर्यंत परत हवी.

वेशभूषा:
वॉशर नकोत. नऊ वर्षांच्या मानेवर एकूण वजन वाढतं ते वाढतंच. शिवाय पोराने झटकन वळून पाहिलं की मागचं वजन उशिरा वळतं आणि डोकं फिरलेलंच राहतं. ग्लू गन मिळेल. तिच्या नळीत तुमच्याच थर्मोकोलचे मणी अडकलेत, आधी ते काढते.

बालनाट्य:
जबडा थर्मोकोलचा केला तर? हलका होईल.

नेपथ्य:
थर्मोकोलला कॉन्टॅक्ट सिमेंट लावलं तर तो विरघळतो, आणि गरम ग्लूने खड्डे पडतात. लावायचाच तर पांढरा डिंक लावा, पण तो वाळायला रात्र जाते.

जुने वेशभूषावाले:
काकू, जबडा बदलू नका. हिशोब बघा. तो ठोकळा साधारण ६ × ७ × ६ इंच आहे. गादीच्या फोमचा एवढा ठोकळा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. मग उरलेले अडीचशे कुठून आले? सुळे आणि नाक हवेत वाळणाऱ्या मातीचे केलेत ना? ते वजन अगदी टोकाला, मानेपासून सगळ्यांत लांब आहे, म्हणून तिथले शंभर ग्रॅम कपाळावरच्या शंभरापेक्षा कितीतरी जास्त ओढतात. माती काढा. सुळे ६ मिलिमीटरच्या ईव्हीए शीटचे करा, जिमखान्यात जमिनीवर अंथरतात त्या जातीचा फोम. दोन तुकडे पाठीला पाठ चिकटवायचे, कडा पॉलिश पेपरने गोल करायच्या, वर ॲक्रिलिक रंगाचे दोन हात. नाकही त्याचंच.

दुसरं, बसण्याचं. घेरात दोन इंच सैल म्हणजे चहूबाजूंनी जेमतेम पाव इंचाहून थोडं जास्त. सगळीकडे सारखी भर घालू नका, आत शिजायला होईल. कवटीचा फुगवटा संपून मान सुरू होते त्या खोबणीत एक इंची फोमची आडवी पट्टी लावा, पुढे घसरायला लागलं की ती फुगवट्याखाली अडकते. कपाळाला अर्ध्या इंचाची एक. बाकी मोकळं.

बालनाट्य:
हनुवटीला इलॅस्टिक लावू का?

जुने वेशभूषावाले:
इलॅस्टिक नको. मान वाकली की नेमकं तेव्हाच ते ताणतं. न ताणणारी इंचभर रुंद पट्टी घ्या. प्रत्येक बाजूला दोन ठिकाणी टाके, एक कानापुढे, एक कानामागे, आणि दोन्ही पट्ट्या कानाखाली जुळवायच्या, सायकलच्या हेल्मेटसारख्या. एकाच ठिकाणी टाकलात तर डोकं त्या टाक्यावर झोपाळ्यासारखं झुलेल. बक्कल एका बोटाने सुटणारं हवं. आत माकडटोपी घाला, ती वेल्क्रोने लावली की काढून धुता येते. वेल्क्रोचा मागचा चिकटपट्टा फोमवर टिकत नाही, म्हणून टोपीच्या बाजूला शिवा आणि फोमच्या बाजूला ग्लू गन.

कार्यकारिणी (फक्त वाचत होतो):
जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवात, सोंग (मुखवटा) फक्त पुढून असतं, डोक्याला आधी कापड गुंडाळून त्यावर ते बांधतात. तसं करता येईल का?

वेशभूषा:
मुखवटा असता तर केलं असतं. इथे मागची फर आधीच लावलेली आहे, त्यात कापड कोंबलं तर पोरगं घामाने निथळेल.

ध्वनी:
घामावरून आठवलं. आत पंखा लावलाय का? तालमीत घूं घूं येत होतं. आणि गालावरचा माईक फोमला घासतोय.

वेशभूषा:
४० मिलिमीटरचा पाच व्होल्टचा पंखा आहे, टाळूवर बसवून हवा बाहेर फेकतो. कापसाच्या गादीवर बसवते म्हणजे साच्याला थरथर जाणार नाही. पंखा नाही काढणार. पॉवर बँक बदलावी लागेल, सध्याची इतक्या कमी करंटला काही मिनिटांत आपोआप बंद पडते.

ध्वनी:
मग माईक कपाळावर, केसांच्या कडेला, माकडटोपीच्या काठाखाली. नाटकवाले तिथेच लावतात. आणि वाघाने तोंड उघडं ठेवावं.

बालनाट्य:
उघडंच आहे, आत काळी जाळी आहे. ती काढू नका, पोराला पायाखालचं तिथूनच दिसतं.

नेपथ्य:
डोळ्यांत बाहुली उभी काढलीय. वाघाची गोल असते, उभी मांजराची. कानांची मागची बाजूही काळी हवी, मध्ये पांढरा ठिपका.

वेशभूषा:
बाहुली बदलते. डोळ्याच्या जाळीवर रंग बाहेरूनच, अगदी कोरड्या ब्रशने, नाहीतर भोकं बुजतात. आतली बाजू काळीच राहील. कानांचं तुम्ही करा, पांढरा ठिपका तुमच्याकडे लागला.

खजिनदार:
फर दीड यार्ड मंजूर होती. पावती दोन यार्डांची कशी?

जुने वेशभूषावाले:
केसांचा कल. प्रत्येक तुकडा नाकापासून मागे वळणारा कापावा लागतो, त्यामुळे आडवेतिडवे तुकडे बसवता येत नाहीत, कापड वाया जातं. काकू, फर मागून पात्याने, फक्त अस्तर कापा. कात्रीने केस तुटतात आणि शिवण उघडी दिसते. जबड्यावरचे केस चिकटवल्यावर ट्रिमरने बारीक करा, नाकाकडून सुरुवात. आणि ही फर ज्योतीजवळ गेली की वितळून पेटते, आरतीला वाघाने डोकं काढूनच यायचं.

वेशभूषा:
माती काढली, ईव्हीएचे सुळे लावले. ९२० भरलं. हनुवटीची पट्टी आणि मागच्या खोबणीतली फोमची पट्टी बसवून मान तीनदा वाकवून पाहिली, जाळी जागेवर राहिली. स्टोअर रूमची किल्ली कोणाकडे आहे? ट्रिमर आत राहिलाय.

खजिनदार:
किल्ली मखरवाल्यांकडे. पावतीचं राहिलंच.