आर्थिक मदत मागून परदेशी विद्यापीठांत अर्ज : तुमचे अनुभव लिहा

घरचे पैसे पुरणार नाहीत हे माहीत असताना अर्ज कसा करायचा, यावर इथे लिहा. आत्मचरित्र नको. काय भरायचं, कुठे चुकतं, तेवढंच.

*

आधी यादी नीट करा. अमेरिकेत पदवीसाठी दोन शब्द कळायला हवेत : नीड-ब्लाइंड आणि नीड-अवेअर. नीड-ब्लाइंड कॉलेजं प्रवेश ठरवताना तुम्ही मदत मागितलीत का, हे बघत नाहीत. परदेशी विद्यार्थ्यांनाही हाच नियम लावणारी थोडीच, उदाहरणार्थ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडनही आली. इतर बहुतेक ठिकाणं नीड-अवेअर, म्हणजे तिथे मदतीची मागणी जितकी मोठी तितका प्रवेश कठीण. ‘मदत नको’ अशी खूण करून आत शिरायचं आणि मग मागायची, ही हुशारी अंगाशी येते. पहिल्या वर्षी न मागितलेली मदत बरीच कॉलेजं पुढेही देत नाहीत.

*

वर एक भर. नीड-ब्लाइंड असणं आणि पूर्ण गरज भागवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण गरज भागवतो असं कॉलेजने स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर प्रवेश मिळूनही मोठी तूट तुमच्याच गळ्यात पडू शकते.

*

सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदतीसाठी घरची आर्थिक माहिती कॉलेजांना देणारा ऑनलाइन फॉर्म, ही खरी डोकेदुखी. दरवर्षी १ ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. काही कॉलेजं मागितल्यावर फी माफीचा कोड देतात, काही आपला वेगळा फॉर्म फुकट भरून घेतात. म्हणून पैसे भरण्याआधी ईमेल करून विचारा.

नेहमीच्या चुका तीनच. रक्कम आपल्या चलनात लिहायची असते, लोक डॉलरमध्ये लिहितात. वार्षिक उत्पन्नाच्या जागी महिन्याचा पगार पडतो. आणि सर्वांत घातक : खर्च उत्पन्नापेक्षा जास्त दिसतो, पण तफावत कुठून भरून निघते ते लिहिलेलं नसतं. आजोबा घरभाडं भरत असतील तर तसं लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी लपवलंय. स्पष्टीकरणाच्या रकान्यात रडगाणं नको, आकडे हवेत : नोकरी कधी गेली, औषधांना वर्षाला किती, कर्जाचा हप्ता किती. आयकर विवरण नसेल तर मालकाचं लेटरहेडवरचं सही-शिक्क्याचं पत्र चालतं का, ते विचारा. आई-वडील विभक्त असतील तर अनेक कॉलेजं दोघांचीही माहिती मागतात. एकाशी संपर्कच नसेल तर सवलतीचा अर्ज वेगळा, आणि त्याला त्रयस्थ व्यक्तीचं पत्र लागतं. ते ऐनवेळी मिळत नाही.

फाफ्सा या अमेरिकी सरकारी मदतीच्या फॉर्मच्या वाटेला जाऊ नका. तो अमेरिकी नागरिकांसाठी आणि काही पात्र रहिवाशांसाठी आहे.

*

अर्ली डिसिजनबद्दल (एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज) माझं मत जरा वेगळं. प्रवेश मिळाला तर तिथेच जाणं बंधनकारक असतं, म्हणून मदत हवी असणाऱ्यांनी टाळावं असं सर्रास सांगतात. पण मदत अपुरी पडली तर त्या कारणावरून करारातून सुटता येतं. अडचण दुसरीच : इतर कॉलेजांचे आकडे हातात नसतात, त्यामुळे तुलना करता येत नाही. अपेक्षित खर्च आधी काढून ठेवला असेल, तरच करा. कॉलेजांच्या वेबसाइटवरची खर्चाची गणकयंत्रं मात्र बहुधा स्थानिक विद्यार्थ्यांसाठीच बनवलेली असतात. उत्तर जसंच्या तसं धरू नका.

*

ऑफर आली की शिष्यवृत्तीचा आकडा बघून हुरळू नका. एकूण खर्चातून फक्त अनुदान वजा करा, उरेल ती खरी किंमत. पत्रातलं कर्ज ही मदत नव्हे. कॅम्पसवरच्या कामाची रक्कमही हातात आधी येत नाही, काम करून मिळवावी लागते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा. शिवाय जेवण-राहण्यासाठी मिळालेल्या अनुदानावर अमेरिकेत कर लागतो, साधारणपणे १४ टक्के कापून घेतात. देशादेशांतल्या करारांनुसार यात फरक पडतो. हे ऑफरच्या पत्रात सहसा नसतं! आरोग्यविमा आणि विमानभाडं धरलंय का, तेही तपासा.

आय-२० साठी (व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रमाणपत्र) उरलेल्या रकमेचा पुरावा लागतो, व्हिसाआधी ३५० डॉलर सेविस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं) वेगळं.

*

अमेरिकाच हवी असं नसेल तर जर्मनी बघा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो. पण राहण्याच्या खर्चाची रक्कम बहुतेकांना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) आधीच ठेवावी लागते, आणि गाडी नेमकी तिथेच अडते.