मदत हवी आहे: खाच भरल्यावरही कळ का राहते?

डॉक्टर मंडळी, माझी प्रॅक्टिस निपाणी भागात आहे. इकडे मिश्री घासणाऱ्या बायका फार. हिरडीलगत दाताला खाच पडलेली आणि तक्रार एकच, "गार पाणी पिलं की कळ येती बघा." कंपोझिटने (दाताच्या रंगाचं भरण) खाच भरली तरी काही जणींची कळ जात नाही.

माझा संशय बाँडिंगवर, म्हणजे भरण दाताला चिकटवण्यावर आहे. ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडने एच केलं (दाताचा पृष्ठभाग खरखरीत केला) की स्मिअर लेयर, म्हणजे दातावर बसलेला भुग्याचा थर जातो, डेंटिनच्या (इनॅमलखालच्या थराच्या) बारीक नळ्यांची तोंडं उघडतात आणि पारगम्यता वाढते. नळीचा व्यास दुप्पट झाला तर आतल्या द्रवाचा प्रवाह सोळापट होतो आणि तो द्रव हलला की कळ येते, म्हणजे रेझिन (चिकटवणारं द्रव्य) नळ्यांत नीट मुरलं नाही की कळ आलीच. सेल्फ-एचमध्ये (वेगळं ॲसिड न लावता चिकटद्रवानेच एच करतात) नळीतला स्मिअर प्लग, म्हणजे भुग्याचं बूच बराचसा टिकतो. पण एकाच बाटलीतलं ॲडहेसिव्ह (चिकटद्रव) पाणी ओढणारं. लाइट क्युअर (दिव्याने घट्ट) झाल्यावरही माठासारखं झिरपतं. (चकचकीत पिवळट स्क्लेरोटिक, म्हणजे कडक झालेल्या डेंटिनच्या नळ्या आधीच बुजलेल्या, ते दात सहसा दुखत नाहीत. त्यांचा प्रश्न बाँड धरण्याचा, तो वेगळा.)

तर सांगा, एका बाटलीच्या ॲडहेसिव्हवर हायड्रोफोबिक (पाणी न ओढणाऱ्या) रेझिनचा जादा थर दिल्यावर तुमच्या पेशंटना फरक पडला का? की सरळ दोन बाटल्यांचं सेल्फ-एच घ्यावं? आणि ग्लुटारअल्डिहाइड-हेमा डिसेन्सिटायझर (कळ कमी करणारं औषध) एचिंगनंतर कोणी नेमाने वापरतं का? ऑक्झलेटचं (नळ्या बुजवणारं दुसरं औषध) मला भय वाटतं, दातावर त्याचे खडे राहिले तर बाँडच बिघडायचा. कंपनीचं पत्रक नको, तुमचा अनुभव सांगा. खानापूर, चिकोडीकडचे कोणी असतील तर फारच बरं, पेशंट सारखेच.