ओव्हरसाईझ पिस्टन, घासलेले हेड आणि आरएक्सचे कॉम्प्रेशन

सांगलीचा टूस्ट्रोक:
काल येथे नाना यांनी लिहिले की, यामाहाच्या आरएक्स १०० या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलला एक मिलिमीटर ओव्हरसाईझ (मूळ मापापेक्षा मोठा) फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन बसवावा, हेड (सिलिंडरचे झाकण) अर्धा मिलिमीटर घासावे, म्हणजे 'पिस्टनमुळे' कॉम्प्रेशन (इंजिनात मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) वाढते आणि गाडी आरएक्स १३५ ला मागे टाकते. हे वाचून नवीन मुले दुकानात धावतील, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ५० मिमी, म्हणजे ९८ सीसी. टू-स्ट्रोकमध्ये खरे दाबणे सुरू होते ते एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जाण्याची सिलिंडरमधील खिडकी) बंद झाल्यावरच. तेव्हा पिस्टनचा वरपर्यंतचा प्रवास २७ मिमी उरतो आणि हेडमधील पोकळी १० सीसी आहे असे धरू. कॉम्प्रेशनचे गुणोत्तर, म्हणजे दाबण्याआधीची जागा भागिले दाबल्यावर उरलेली जागा, येते ६.३. आता बोअर ५१ केला तर ते ६.५ होते. हेड अर्धा मिलिमीटर घासले की जवळपास एक सीसी पोकळी जाते आणि नुसत्या तेवढ्यानेच ते ६.९ वर पोहोचते. म्हणजे जे काम हेडने केले त्याचा हार पिस्टनच्या गळ्यात पडला आहे. शिवाय ज्यांनी एक्झॉस्ट पोर्टचे छत दीड मिलिमीटर वर उचलले आहे, त्यांनी मिळवलेल्यातले बरेचसे परत घालवले आहे, कारण पोर्ट जितका उशिरा बंद होतो तितके दाबायला कमी उरते.

हेड घासल्यावर पिस्टनची कड आणि हेड यांच्यातील फट किती उरली, हे नानांनी एका शब्दानेही सांगितलेले नाही. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत आत घालावी, इंजिन हाताने एक फेरा फिरवावे आणि चेपलेले टोक मोजावे. तार पिस्टनपिनच्या (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत घालावी, अन्यथा पिस्टन कलतो आणि माप खोटे येते. पाऊण मिलिमीटरच्या खाली मी स्वतः जात नाही.

नाना शंभर सीसी:
आपले गणित वाचून धन्य झालो. माझी गाडी मात्र गणित शिकलेली नाही. ती दोन माणसे घेऊन पसरणी घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढते, भर मे महिन्यात चढते, आणि वर पोहोचल्यावरही पहिल्या किकला सुरू होते. फोर्ज्ड पिस्टन घालण्याआधी हीच गाडी घाटात धापा टाकत होती. बदल पिस्टनने झाला की हेडने, याची वाटणी आपण कागदावर खुशाल करावी. कास्ट (ओतीव) पिस्टनचे तुकडे मी स्वतः क्रँककेसमधून वेचून काढलेले आहेत, त्यामुळे त्याची वकिली माझ्यापुढे कोणी करू नये.

लेथवरचा:
मी दिवसभर बोअर मारतो, म्हणून बोलतो. फोर्ज्ड पिस्टन मजबूत असतो याबद्दल वाद नाही. मात्र त्यातील सिलिकॉन बहुधा कमी असते, तो तापल्यावर अधिक फुगतो आणि म्हणून त्याला ढिलाई, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट, जास्त ठेवावी लागते. गिऱ्हाईक सांगते की कंपनीच्या मापाने बोअर मार, मी तसा मारतो, आणि आठवड्याने तोच ब्लॉक (सिलिंडर) चारही बाजूंना उभे ओरखडे घेऊन परत येतो. दुसरा एखादा ढिलाई बरोबर ठेवायला लावतो आणि मग थंड इंजिनात खडखड ऐकू येते म्हणून माझ्याशीच भांडतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे दुसऱ्या गाडीचा पिस्टन. व्यास जुळला की झाले, अशी समजूत असते. पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची एक मिलिमीटरने जास्त असली तर पिस्टन हेडला भिडण्याची वेळ येते, आणि कमी असली तर कॉम्प्रेशन जाते व पोर्टचे टायमिंगही बिघडते. रिंग फिरू नये म्हणून बसवलेली खीळ पोर्टच्या खिडकीसमोर आली तर रिंगेचे टोक त्यात अडकून मोडते. नानांनी क्रँककेसमधून वेचलेले तुकडे कशाचे होते, ते मला पाहायला आवडले असते.

चिपळूणचा पाऊस:
आपण सर्व जण खऱ्या आरोपीला सोडून पिस्टनवर खटला चालवत आहात. २०२३ पासून ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि तेव्हापासून जुन्या टू-स्ट्रोक गाड्या जाम होण्याचे प्रमाण आमच्याकडे तरी वाढले आहे. आमच्या हवेत टाकीत पाणी धरते, कार्बोरेटरमधील रबर फुगते, आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणाऱ्यांचे तर हालच आहेत. १९९६ मध्ये बंद झालेल्या गाडीला कोणी विचारले होते का?

फडातला:
आमच्या उसापासून होणाऱ्या इथेनॉलला शिव्या घालणे शहरात सोपे आहे. ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. आमच्या भागातील एका कारखान्याने ते कसे दिले, हे आम्हाला विचारा. इथेनॉलमुळे कारखान्याच्या हातात पैसा लवकर येतो, एवढाच आमचा त्यातला आनंद. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधने घातली, तेव्हा तोही गेला. आपल्या हौसेच्या गाडीचा पिस्टन जळाला म्हणून आमचा ऊस बदनाम करू नये.

चिपळूणचा पाऊस:
उसाला कोणी काही म्हटलेले नाही. पंपावर जुन्या गाड्यांसाठी वेगळे पेट्रोल मिळावे, एवढेच म्हणणे आहे. त्यावर भाषण कशाला?

फडातला:
भाषण आपण सुरू केले. पाऊस टाकीत पडतो, तो आमच्या फडातून येत नाही.

सांगलीचा टूस्ट्रोक:
दोघांनीही थांबावे. इथेनॉलचा मुद्दा विषयाला धरून आहे, पण चिपळूणकरांनी अर्धाच मांडला आहे. पूर्वीच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन (अवेळी न पेटता दाब सोसण्याची क्षमता) ९१ होता आणि ई-२० चा ९५ आहे, म्हणजे वाढवलेल्या कॉम्प्रेशनला ते उलट मानवणारे आहे. घोटाळा मिश्रणात होतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे तोच जेट (कार्बोरेटरमधील पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे सहा-सात टक्के पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेले) मिश्रण देतो. पातळ मिश्रण, घासलेले हेड आणि घाटातील भार एकत्र आले की एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टन ओरबाडतो, मग तो फोर्ज्ड असो वा कास्ट. मेन जेट एक-दोन नंबर वाढवून प्लग पाहावा. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिठाच्या कणाएवढे चकचकीत ठिपके दिसले, तर ते आपल्याच पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. अशा वेळी गाडी तिथेच उभी करावी.

चिपळूणचा पाऊस:
म्हणजे पातळ होते, हे आपण मान्य केले. माझे तेवढेच म्हणणे होते. ई-२० येण्याआधी अनेक महिने आपण दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल जाळतच होतो आणि तेव्हा मी गप्प होतो, हे कोणी दाखवून देण्याआधी मीच सांगून टाकतो.

नाना शंभर सीसी:
तार घातली. पिस्टनपिनच्या रेषेत, साहेबांच्या आज्ञेप्रमाणे, दोन्ही बाजूंनी. एका बाजूला ०.७ आणि दुसऱ्या बाजूला ०.५५ मिमी. आता आपण सगळे आनंदाने माना डोलावाल, म्हणून सांगतो की गाडी अजून एकदाही जाम झालेली नाही. तरीही हेडखाली जाड तांब्याचे गॅस्केट घालून पाहतो, आणि घाट पूर्वीसारखा चढला नाही तर बिल सांगलीला पाठवीन. फोर्ज्ड पिस्टन काढणार नाही.

सांगलीचा टूस्ट्रोक:
काढा असे म्हटलेच नव्हते. मात्र दोन बाजूंत ०.१५ चा फरक आहे, म्हणजे हेड सरळ घासलेले नाही. गॅस्केटने तो जाणार नाही. ब्लॉकचा माथाही काचेवर ठेवून तपासून घ्या.

लेथवरचा:
हेड पाठवा, सरळ करून देतो. ब्लॉकही पाठवणार असाल तर पिस्टन सोबत ठेवा, कारण पाकिटावरचा आकडा वाचून मी ढिलाई ठरवत नाही, पिस्टनचा स्कर्ट (खालचा भाग) मायक्रोमीटरने मोजतो. आणि नाना, ते क्रँककेसमधले तुकडे जपून ठेवले असतील तर तेही पाकिटात टाका.