मदत हवी आहे: एकटीने रोलप्लेइंग खेळायला कोणते नियम घेऊ?

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहते. रोलप्लेइंग, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांच्या आधारे गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, खेळणारा आमचा चौघींचा गट होता. दोघी नोकरीसाठी पुण्याला गेल्या आणि खेळ थांबला. आता रात्री जेवणं आटोपली की तासभर एकटीनेच खेळायचं ठरवलंय.

कथा पक्की आहे. साल १८१०, किल्ल्याजवळ दौलतराव शिंद्यांची छावणी (आमच्या लष्कराचं नाव तिच्यावरूनच पडलं) आणि माझं पात्र छावणीतला एक जासूद. थैली पोचवायची, आत काय आहे, त्यालाही ठाऊक नाही.

अडलंय नियमांवर. 'आयर्नस्वॉर्न' या खेळाचं नियमांचं पुस्तक फुकट मिळतं, म्हणून उतरवून घेतलं. सहा बाजूंचा एक फासा अधिक आपल्या पात्राचा गुण, समोर दहा बाजूंचे दोन फासे. दोन्हींपेक्षा जास्त आलं तर पूर्ण यश, एकाच फाशापेक्षा जास्त आलं तर किंमत मोजून यश. काल चंबळ ओलांडताना माझे पाच अधिक दोन, सात झाले. समोर चार आणि नऊ. थैली वाचली, घोडं वाहून गेलं. रात्रभर चुटपुट लागली होती. मला हेच हवंय! पण त्यातलं जग थंड, विरळ वस्तीचं आहे. छावणीतली कारस्थानं, कारकुनांची चढाओढ त्यात कशी बसवू?

दुसरं 'मिथिक'. त्यात गोष्टीबद्दल हो-नाही असे प्रश्न विचारायचे नि फाशांवरून उत्तर घ्यायचं; गोष्ट किती हाताबाहेर गेलीय ते दाखवणारा गोंधळाचा आकडा एक ते नऊ वरखाली होतो. पण सोबत दुसरे नियम लागतातच.

दोन्ही एकत्र कुणी चालवलेत का? की दरबारी डावपेचांसाठी वेगळीच, सोपी पद्धत सुचवाल? मराठीत पात्राची नोंद कशी ठेवता, तेही सांगा.