मदत हवी आहे: 19 वर्षं लेखा शाखेत काढली, आता नव्याने शिकायचं आहे. सुरुवात कुठून करू?

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शासकीय कार्यालयात लेखा शाखा सांभाळते. लेखा परीक्षेचा अभ्यास करत होते तेव्हा मुंबई वित्तीय नियम 1959 आणि महाराष्ट्र कोषागार नियम 1968 ही दोन पुस्तकं कायम उशाशी असायची. आता ती कपाटात आहेत. पगार सेवार्थमध्ये, अनुदान बीम्सवर, केंद्राच्या योजनांचा पैसा पीएफएमएसवर, सगळं ऑनलाइन प्रणालींवर. प्रत्येक नवी प्रणाली आली की जिल्ह्याला एक-दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. कुठे लॉगिन करायचं, कोणतं बटण दाबायचं, स्लिप कशी काढायची, एवढं सांगतात. तेही गरजेचं आहे, पण मागचा नियम कोणी सांगत नाही.

हे कशावरून म्हणते ते सांगते. गेल्या महिन्यात रेकॉर्ड रूमसाठी लोखंडी रॅक घेतले. किंमत 2,30,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 41,400, एकूण 2,71,400 रुपये. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीने बिल तयार केलं आणि अडीच लाखांच्या वर गेलं म्हणून 2 टक्के जीएसटी टीडीएस (पुरवठादाराला पैसे देतानाच कापून घ्यायचा कर), म्हणजे 4,600 रुपये कापले. तिने मला विचारलंही होतं, "मॅडम, बरोबर आहे ना?" मी बिलावर नजर टाकली, हो म्हटलं आणि पुढे पाठवलं. रक्कम जमा झाल्यावर पुरवठादार आला. त्याने शांतपणे दाखवून दिलं की अडीच लाखांची मर्यादा कर वगळून बघायची असते, त्यामुळे इथे कपात लागतच नव्हती. ही तरतूद 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू आहे. इतक्या वर्षांत मी ती एकदाही मुळातून वाचली नव्हती. त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघवेना. तिने मला विश्वासाने विचारलं होतं.

तेव्हापासून मनात हेच आहे. निवृत्तीला अजून 12 वर्षं आहेत. 2021 मध्ये केंद्र पुरस्कृत योजनांसाठी एकल नोडल खातं (एका योजनेचा राज्यातला पैसा एकाच खात्यात) आलं, आमची जुनी बँक खाती बंद करून शिल्लक वर पाठवली. आता स्पर्श या नव्या पद्धतीतून पैसा लागेल तेव्हाच रिझर्व्ह बँकेच्या ई-कुबेर प्रणालीवरून थेट लाभार्थ्याला जातो. मी सगळं करते, पण हे असं का केलं, हे कोणी विचारलं तर दोन वाक्यांपुढे जाता येत नाही.

आयगॉट कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षण मंचावर खातं उघडलंय. मला सापडलेले लेखाविषयक कोर्स बहुतेक इंग्रजी-हिंदीत आहेत. व्हिडिओ संपला की प्रमाणपत्र येतं, डोक्यात फार काही उरत नाही. घरचं आवरून रात्री पाऊण तास मिळतो. कोणत्या क्रमाने वाचू? यशदात (पुण्यातली राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था) लेखा विषयाचं प्रशिक्षण कोणी केलंय का? पुण्याला आठवडाभर जायची माझी तयारी आहे, साहेबांना सोडायला कसं सांगायचं तेही सुचवा.

प्रतिसाद 1

ताई, आधी त्या 4,600 चं. तुमच्या कार्यालयाने त्या महिन्याचं जीएसटीआर-7 (टीडीएसचं रिटर्न) भरलं असेल, तर रक्कम पुरवठादाराच्या जीएसटी पोर्टलवरच्या रोख खातेवहीत जाते. त्याने पोर्टलवर ती स्वीकारली की कर भरायला वापरता येते. पैसे बुडालेले नाहीत, त्याला फोन करून सांगा.

अभ्यासाचं म्हणाल तर पुस्तक पहिल्या पानापासून धरू नका, झोप येईल. मी कोषागारात 22 वर्षं काढली. रोज एकच बिल घ्या आणि त्याचा माग काढा: मंजुरी कोणत्या अधिकारात, खरेदी 1 डिसेंबर 2016 च्या खरेदी धोरणात बसते का, लेखाशीर्ष (खर्च ज्या सदराखाली नोंदतात ते) हेच का, '13 - कार्यालयीन खर्च' या उद्दिष्टाऐवजी दुसऱ्या उद्दिष्टात का नाही, कपाती कोणत्या. जिथे अडाल तिथलाच नियम उघडा. आक्षेप लागून परत आलेली बिलं तर सोन्यासारखी. त्यांची एक फाईल करा.

प्रतिसाद 2

वरच्यांशी सहमत. भर एवढीच, की महालेखापरीक्षकांचे राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचे अहवाल मराठीतही असतात. प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रं (अनुदान ठरल्या कामी खर्चल्याचे दाखले) आणि तपशीलवार देयकं न दिलेली संक्षिप्त देयकं (आगाऊ पैसा काढायची बिलं), हे भाग नक्की वाचा. आपण इथे एक कागद ठेवून दिला की वर त्याचं काय होतं ते तिथे दिसतं. मला तरी एकल नोडल खातं का आणलं ते त्यातूनच उमगलं: पैसा खर्च म्हणून दाखवलेला, पण खात्यात पडून.

साहेबांना तोंडी विचारू नका. 2011 च्या राज्य प्रशिक्षण धोरणाचा हवाला देऊन लेखी अर्ज करा. मार्चच्या धामधुमीत नको, जून-जुलैत मागा.

धागाकर्ती

मनापासून आभार. पुरवठादाराला आज दुपारी फोन केला. रिटर्न भरलेलं होतं, त्याने पोर्टल उघडून रक्कम दिसते म्हणून सांगितलं. परत आलेल्या बिलांची फाईल उद्यापासून सुरू करते, त्या मुलीला सोबत घेऊन. सध्या हाताशी तीन बिलं आहेत, त्यातली दोन माझ्याच सहीची.

एक राहिलं: दर महिन्याला खर्चाचा ताळमेळ महालेखापाल कार्यालयाच्या आकड्यांशी करताना आमच्याकडे एका लेखाशीर्षात सतत फरक येतो. आपलं बिल दुसऱ्याच शीर्षाखाली नोंदलं गेलं असेल, तर दुरुस्तीचं पत्र कोषागारामार्फत द्यायचं की थेट नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाला?